तेवीस मिनिटांचा चहा

शेंद्र्याच्या कारखान्यात यंत्रांपाशी एकही माणूस कामाला नव्हता, तरी तो कारखाना दिवसातून तीन वेळा चहाला थांबायचा. सकाळी सव्वादहा, दुपारी चार आणि रात्री अकरा. ठरल्या वेळी कोरणी विभागातली बावीस यंत्रं एकदम गप्प व्हायची, बरोबर तेवीस मिनिटं गप्प राहायची आणि मग कुणीतरी 'चला गं' म्हटल्यासारखी पुन्हा कामाला लागायची. चहा प्यायला तोंड नाही, कप धरायला हात नाही, पण सुट्टी मात्र वेळच्या वेळी!

सुवर्णा उगलेला ही बातमी शकीला आतारने सांगितली. दोघी सिन्नरच्या बाहेर टोमॅटोच्या शेडमध्ये प्रतवारीला बसल्या होत्या. शकीलाचा मावसभाऊ शेंद्र्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक होता, आणि पोटात बातमी ठेवणं त्या घराण्याला जमत नसे.

सुवर्णा पोट धरून हसली. हसता हसता तिचा हात हवेतच थांबला. हातातला टोमॅटो ना पहिल्या प्रतीच्या क्रेटमध्ये पडला, ना दुसऱ्या.

"किती मिनिटं म्हणालीस?"

"तेवीस."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अगं बाई," शकीला हळूच म्हणाली, "हा तर आपला चहा!"

चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत या दोघी टोमॅटो नव्हे, चिप बनवत होत्या. 'दख्खन सिलिकॉन'चा सिन्नरचा कारखाना. फोनमधल्या मिरवायच्या चिप नव्हेत त्या. विहिरीवरच्या पंपात, ट्रकच्या ब्रेकमध्ये, दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या यंत्रात बसणाऱ्या, बिघडेपर्यंत कुणाला आठवणही न होणाऱ्या. सिलिकॉनची ताटाएवढी, आरशासारखी चकती घ्यायची, तिच्यावर शेकडो चिप एकदम कोरायच्या, मग चकती कापून चांगल्या तेवढ्या निवडायच्या. साहेबलोक चकतीला वेफर म्हणत, आणि पहिल्या दिवशी सगळ्या बायकांना बटाटाच आठवला होता. शंभर चिपांतल्या किती चांगल्या निघाल्या, तो उतारा. साखर कारखान्यांच्या मुलखात हा शब्द कुणाला शिकवावा लागला नाही.

धंद्याचं सगळं मर्म या उताऱ्यात असतं. चकतीतून साठ चांगल्या निघोत की नव्वद, तिला लागणारी वीज, पाणी, वायू आणि यंत्रांची झीज तेवढीच. माणसांचे पगार म्हणाल तर शंभर रुपये खर्चातले जेमतेम आठ. सिन्नरचा उतारा अकरा वर्षांत नव्वदच्या खाली आला नव्हता.

मग कंपनीने 'जुळा' तयार केला. कारखान्यात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद वाचायची आणि त्यावरून संगणकात त्या कारखान्याचा हुबेहूब जोडीदार उभा करायचा. काही बदल करायचा असला की आधी या जुळ्यावर करून बघायचा, तो सांगेल काय होईल ते. कल्पना काही वाईट नव्हती. जुळ्याने सिन्नरच्या अकरा वर्षांच्या नोंदी वाचल्या आणि सांगितलं, सिन्नर बंद करा, तमिळनाडूतला दुसरा जुना कारखानाही बंद करा, सगळं काम शेंद्र्याच्या स्वयंचलित कारखान्यात न्या, नफा वाढेल. सिन्नरच्या फाटकावर नोटीस लागली. सहाशे चाळीस माणसं घरी. कारण लिहिलं होतं : 'कामगारांचा मोठा वेळ निष्क्रिय.'

तो शब्द सुवर्णाच्या जिव्हारी लागला. नोकरी काय, जाते, दुसरी मिळते. पण अकरा वर्षं उभ्यानं राबून वर आळशी ठरायचं? ती नोटीस तिने तीनदा वाचली होती आणि तिन्ही वेळा तिच्या कानशिलांत आग झाली होती.

आणि हा जुळा बनवला होता तिच्या सख्ख्या भाचीने. ईश्वरी सांगळे. बहीण लवकर गेली, तेव्हा सुवर्णाने पोरीला आपल्या घरी आणलं, वाढवलं, याच कारखान्याच्या पगारावर इंजिनियर केलं. पोरगी त्याच कंपनीत अधिकारी झाली, तेव्हा सुवर्णाने सगळ्या पाळीला पेढे वाटले होते. नोटीस लागली त्या दिवसापासून मावशी-भाचीचा अबोला होता.

इकडे कंपनीचं काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. पहिल्या तिमाहीत नफा उडी मारून वर गेला आणि साहेबांचे फोटो छापून आले. दुसऱ्या तिमाहीतही वाढला, कारण सिन्नरने जाताना गोदामं भरून ठेवली होती आणि विकला जात होता तोच माल. तिसऱ्या तिमाहीत गोदामं रिकामी झाली, शेंद्र्याचा माल बाजारात आला आणि पितळ उघडं पडलं. उतारा एकाहत्तर. मग चौसष्ट. शंभरातले आठ वाचवायला गेले आणि पंचवीस घालवून बसले!

*

रविवारी सकाळी सुवर्णा धिरडी घालत होती, तेव्हा दारात ईश्वरी येऊन उभी राहिली. पार वाळली होती. हातात कारखान्याच्या कँटीनची स्टीलची किटली होती, लाल रंगाने सात आकडा घातलेली.

सुवर्णाने तोंड फिरवलं. पण पीठ तव्यावर पडलं होतं, ते टाकून आत जाता येईना.

"मावशी, येऊ का?"

"ये की. हे काय कंपनीचं फाटक आहे?"

ईश्वरी आत आली. किटली ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"ओळखलीस?"

"सात नंबरची. तुझ्याकडं कशी?"

"सिन्नरच्या कँटीनमधून उचलून आणली, परवा. मावशी, मी सहा महिने तुझ्या हाताखाली शिकायला होते, आठवतं? दर पाळीला तू मला ही घेऊन चहा आणायला पाठवायचीस. कँटीन पार त्या टोकाला. मी परत यायचे तोवर वीस-पंचवीस मिनिटं झालेली असायची, आणि तुम्ही सगळ्याजणी यंत्रापाशीच असायचात. किटली बाहेरच्या खोलीत राहायची. पाळी सुटली की मीच ती परत न्यायचे."

"मग?"

"ती रोज भरलेली असायची, मावशी. गार झालेला चहा रोज मी माझ्या हाताने बेसिनमध्ये ओतलाय. सहा महिने! आणि एकदाही मला विचारावंसं वाटलं नाही. नोंदीत लिहिलेलं होतं, यंत्र बंद, कारण चहा. मी जुळ्याला तेच शिकवलं. पण तुम्ही चहा पीतच नव्हता. काय करत होता तुम्ही त्या तेवीस मिनिटांत?"

सुवर्णाने उलथन्याने पहिलं धिरडं खरवडून काढलं. त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

"हे बघ," ती म्हणाली. "पहिलं धिरडं कधी नीट निघालेलं पाहिलंस का?"

"नाही."

"का नाही निघत? पीठ तेच, हात तोच, तवा तोच. घासून लख्ख केलाय, हाच त्याचा गुन्हा. एकदोन चिकटू द्यावी लागतात, तेल मुरावं लागतं. मग तो सोडायला लागतो." तिने दुसरं घातलं. "तुझी यंत्रं म्हणजे काय वेगळं आहे गं?"

ईश्वरी इंजिनियर होती. तिला एवढं पुरलं. ती तव्याकडे बघतच राहिली.

कोरणी यंत्राच्या पोटात एक बंद पोकळी असते. तिच्यातली हवा काढून निराळे वायू सोडतात आणि त्यांना विजेने असं छेडतात की ते उजळून निघतात. हा उजळलेला वायू म्हणजे प्लाझ्मा. तो चकतीवरचं नको असलेलं सिलिकॉन खातो आणि उरते ती नक्षी, म्हणजे चिप. खाता खाता पोकळीच्या भिंतींवर पातळ थर बसतो. थर जास्त झाला की त्याचे कण चकतीवर पडतात, म्हणून भिंती अधूनमधून धुवाव्या लागतात. पण धुतलेली कोरी भिंत प्लाझ्मातले कण स्वतःच ओढून घेते आणि चकतीच्या वाट्याला कमी येतात. सुरुवातीच्या चकत्या त्यामुळे बिघडतात. हे शास्त्र काही गुपित नव्हतं. म्हणूनच नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं, धुतल्यावर आधी दोन कोऱ्या चकत्या फिरवाव्या.

पुस्तकाला दोन पुरत होत्या, सिन्नरच्या यंत्रांना पुरत नव्हत्या. धुतल्यावरच कशाला, पाळी बदलताना थोडी थंडावली तरी त्यांचं बिनसायचं. कधी पाच चकत्या लागत, कधी आठ. बायकांनी ते रंगावरून ओळखलं. यंत्राला नाण्याएवढी एक काच होती. भिंत कोरी असली की आतला उजेड गुलाबी दिसे, मुरली की वांग्याच्या फुलासारखा जांभळट होई. तो रंग येईस्तोवर चांगली चकती आत सोडायची नाही, हा कोरणी विभागातल्या एकोणीस बायकांचा आपसातला कायदा होता.

पण फिरवायला चकत्या आणायच्या कुठून? भंगारातून. आणि भंगारातली चकती पुन्हा यंत्रात घालणाऱ्याला नियमाप्रमाणे थेट घरचा रस्ता. मग यंत्र मुख्य संगणकापासून तोडून हातचालीवर घ्यायचं. संगणकाला ते बंद दिसे आणि तो कारण विचारी. पहिल्या खेपेला शकीलाने लिहिलं, 'चहा'. तेच पुढे अकरा वर्षं चाललं. कुणी बघितलंच तर असावी म्हणून किटली तेवढी मागवायची. खरा चहा त्या घरी जाऊन प्यायच्या.

"मला का नाही सांगितलंस?" ईश्वरीने विचारलं.

"तू खोटं लिहिलं नसतंस. आणि खरं लिहिलं असतंस तर आमच्या नोकऱ्या गेल्या असत्या. तुला त्या पेचात कशाला घालायचं, म्हणून चहाला पाठवत होतो."

"त्या गेल्याच, मावशी."

"हो," सुवर्णा म्हणाली. "गेल्याच."

गेले चौदा महिने तिने सगळा दोष भाचीच्या पदरात घातला होता. आता तव्यासमोर उभं असताना तिला पहिल्यांदा दिसलं की त्या नोटिशीतली अर्धी शाई आपली होती. पोरीला जपायला गेलो आणि तिच्याच हातून स्वतःचा गळा कापून घेतला.

ईश्वरी पाटावर बसली. "म्हणजे जुळ्याने काय पाहिलं? यंत्र सरासरी तेवीस मिनिटं बंद राहिलं की नंतरचा उतारा चढतो. म्हणून तो शेंद्र्याला यंत्रं थांबवतो. आणि थांबली की ती गार पडतात, आणखीच बिघडतात! आम्ही वायू तपासले, पाणी तपासलं, जमिनीची थरथर मोजली. तो थांबा काढूनही बघितला, काही उपयोग नाही. आणि तो बिचारा तुमची नक्कल करत होता."

"इमानदार आहे गं तो," सुवर्णा म्हणाली. "आपणच त्याला खोटं शिकवलं."

दोघींना एकदमच हसू फुटलं, आणि हसता हसता ईश्वरी रडायलाच लागली. सुवर्णाने तिच्या ताटात धिरडं वाढलं. तिसरं, जाळी पडलेलं, अख्खं.

"तीस तारखेला सिन्नरची यंत्रं सुटी करून विकणार आहेत," डोळे पुसत ईश्वरी म्हणाली. "नऊ दिवस राहिलेत. एकदा ती हलली की सिन्नर कायमचं गेलं. तू शेंद्र्याला येऊन हे दाखवशील?"

"म्हणजे अकरा वर्षं आम्ही खोट्या नोंदी केल्या, हे माझ्याच तोंडाने सांगायचं. एकट्या माझ्या नाही, एकोणीस जणींच्या."

"हो."

"खा आधी," सुवर्णा म्हणाली. "मला त्यांना विचारावं लागेल."

*

संध्याकाळी शकीलाच्या अंगणात सोळा जणी जमल्या. उरलेल्या तिघी गाव सोडून गेल्या होत्या; 'तुम्ही ठरवाल ते' असं त्यांनी फोनवर कळवलं होतं.

"सांगायचं नाही," शकीला म्हणाली. "बुडू दे कंपनी. आपल्याला आळशी म्हणाले ना? आता बसा म्हणावं यंत्रांना चहा पाजत."

"काढताना कागदावर सह्या घेतल्यात आपल्या," मंगल भोर म्हणाली. ती सगळ्यांत धाकटी होती आणि नाशकात दुसऱ्या नोकरीसाठी खटपट करत होती. "गैरवर्तन निघालं तर अनुभवाचा दाखला रद्द. माझी मुलाखत आहे पुढच्या आठवड्यात, ताई."

मंगलचं काही चुकत नव्हतं. सुवर्णा उठून उभी राहिली. तिला भाषण वगैरे येत नव्हतं.

"बायांनो, आज आपलं नाव काय आहे? आळशी. फाटकावर लावलंय, कंपनीच्या दप्तरात लिहिलंय. उद्या खरं सांगितलं तर म्हणतील, नियम मोडणाऱ्या. मला दुसरं चालेल. आपण नियम मोडला, काम नाही मोडलं. ज्या पंपात आपली चिप बसली तो पंप बंद पडला, असं कुणी अकरा वर्षांत म्हणालं का? मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी आता गिळून बसणार नाही. पण एकीची जरी ना असली तरी मी जाणार नाही."

मंगलने मान खाली घातली होती. जरा वेळाने ती म्हणाली, "मुलाखतीत मला विचारतीलच ना, आधीच्या ठिकाणी काय काम केलं म्हणून. चहा प्यायले, असं सांगू? जा ताई तुम्ही."

शकीला उठली आणि पदर खोचत म्हणाली, "माझं नाव पहिलं घाल. चहा मीच लिहिला होता."

*

समृद्धी महामार्गाने शेंद्रा दोन तासांवर. बुधवारी सकाळी सुवर्णा पांढरा अंगरखा घालून त्या कारखान्यात शिरली आणि तिला कसंनुसं झालं. एवढी मोठी जागा आणि माणसाचा वास नाही. छताखालच्या रुळांवरून डबे आपले आपण धावत होते.

काचेपलीकडे कंपनीचे मुख्याधिकारी वर्तक उभे होते. मृदू बोलणारे गृहस्थ. पण सिन्नरच्या नोटिशीखाली सही त्यांचीच होती. सुवर्णाने त्यांना सगळं सांगितलं. भंगारातल्या चकत्या, हातचाल, चहाची नोंद. एकोणीस नावंही सांगितली. सांगताना मान खाली घातली नाही.

"हे गंभीर आहे, उगलेबाई," वर्तक म्हणाले.

"आहेच. आधी यंत्र बघू या का? मग माझं काय करायचं ते करा."

नव्या यंत्रांना बघायची काचच नव्हती. आत बघायला कुणी असणारच नव्हतं, तर काच कशाला? ईश्वरीने दुरुस्तीच्या झडपेला कॅमेरा बसवला आणि पडद्यावर उजेड दिसू लागला. गुलाबी. भंगाराला तिथे तोटा नव्हता. सुवर्णाने एकेक चकती आत सोडायला सुरुवात केली. दोन झाल्या, चार झाल्या, सहा झाल्या.

"मीटरवर सगळं स्थिर दिसतंय," तिथला एक तरुण इंजिनियर म्हणाला. "आता सोडायला हरकत नाही."

"मीटरला दिसू दे," सुवर्णा म्हणाली. "मला नाही दिसत."

सातवी गेली. आठवी गेली. चौदा महिन्यांत डोळा बिघडला तर नसेल? टोमॅटो बघून बघून सगळंच लाल दिसायला लागलं असेल तर? नववी चकती आत गेली आणि गुलाबीच्या कडेने एक जांभळट छटा सरकत मधोमध आली. तिचे डोळे एकदम भरून आले.

"आता," ती म्हणाली.

पंचवीस चांगल्या चकत्यांचा गठ्ठा आत गेला. दुपारी तपासणीचा निकाल आला. उतारा एक्क्याण्णव.

वर्तक खुर्चीतून उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. "कमाल केलीत! आता हे जुळ्याला शिकवून टाकू. प्रत्येक यंत्राला कॅमेरा लावला की झालं. त्या जुन्या नोंदींबद्दल कुणालाही काही होणार नाही, माझा शब्द. आणि तुमचा सत्कार करू, शाल, श्रीफळ..."

म्हणजे सिन्नरची गरजच संपली, या विचाराने ईश्वरीचा चेहरा पांढरा पडला. सुवर्णाचा नाही. कॅमेऱ्याला रंग दिसणार हे तिला येतानाच कळत होतं. तिला जो दिसतो तो त्याला का दिसू नये?

"शिकवा ना," ती म्हणाली. "शिकण्यासारखंच आहे ते. पण अर्धवट शिकवू नका. अकरा वर्षांच्या नोंदीत जिथं जिथं चहा लिहिलंय, तिथं तिथं काम लिहा. आणि मग जुळ्याला तोच प्रश्न पुन्हा विचारा."

"कोणता?"

"सिन्नर बंद करावं का."

"त्याचा निर्णय संचालक मंडळाने कधीच..."

"निर्णय नका फिरवू, साहेब. नुसतं विचारा. विचारायला काय जातंय?"

वर्तकांनी होकार द्यायच्या आत ईश्वरी संगणकाशी जाऊन बसली होती. तिने नोंदी दुरुस्त केल्या आणि प्रश्न घातला. चाळीस मिनिटांनी उत्तर पडद्यावर आलं. ते वर्तकांनीच मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. सिन्नर बंद करून वाचलेल्या प्रत्येक रुपयामागे कंपनीचे पावणेतीन रुपये बुडाले होते. खाली आणखी एक यादी होती. जुळ्याने आपण होऊन केलेली.

चहाच्या नोंदीने त्याला शहाणं केलं होतं. 'निष्क्रिय' म्हणजे निष्क्रिय असेलच असं नाही, हे कळल्यावर त्याने सिन्नरच्या सगळ्या विभागांत तशा जागा शोधल्या होत्या, जिथे नोंदीत काहीच घडत नव्हतं आणि तरी नंतरचा उतारा चढत होता. अशा एक्केचाळीस जागा निघाल्या. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न होता : इथे काय होत होतं?

"धुलाई विभाग," ईश्वरीने पहिला वाचला. "पाण्याच्या टाकीपाशी रोज सात मिनिटं. काही नोंद नाही."

"रामनाथ खुळे," सुवर्णा म्हणाली. "टाकीला कान लावून उभा राहायचा. पंपाचा आवाज बदलला की जाळी साफ करायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला."

"छपाई विभाग, सोमवारी सकाळी अकरा मिनिटं."

"कमलताई हांडे. सुट्टीनंतर दिव्याला आधी गरम होऊ द्यायची, मगच नक्षीचा साचा बसवायची. पुढचं वाच."

ती सांगत गेली. एक्केचाळीसपैकी चौतीस जणांची नावं तिला तोंडपाठ होती. एकेक नाव घेताना तिचा ऊर भरून येत होता. ही माणसं आळशी?

"या लोकांना इथे बोलावून घेऊ," वर्तक शेवटी म्हणाले. "दोन दिवसांत सगळं विचारून, लिहून घेता येईल."

"इथं येऊन रामनाथभाऊ काय सांगणार, साहेब? तो म्हणेल, काही नाही हो, नुसता उभा राहायचो. त्याचं त्यालाच ठाऊक नाही. माझ्या भाचीने मला चौदा महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मीही चहाच सांगितला असता. त्याला त्याच्या टाकीपाशी उभा करा. मग त्याचा हात जायचा तिथं आपोआप जाईल, आणि तुमचा जुळा शेजारी उभा राहून बघेल." ती क्षणभर थांबली. "आणि ती टाकी तुम्ही तीस तारखेला विकताय."

वर्तकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पडद्यावरचे पावणेतीन रुपये पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी फोन उचलला. संचालक मंडळाला लावण्याआधी त्यांनी यंत्रं विकत घेणाऱ्याला लावला आणि सांगितलं, सध्या येऊ नका.

*

सिन्नरचं फाटक उघडलं तेव्हा सहाशे चाळिसांपैकी चारशे बारा जण परत आले. काहींची दुसरीकडे बस्तानं बसली होती. मंगलला नाशकात नोकरी लागली होती. ती पहिल्या दिवशी नुसती भेटायला आली आणि शकीलाच्या गळ्यात पडून रडून गेली. रामनाथ खुळेने मधल्या काळात काढलेलं गॅरेज भावाच्या हवाली केलं आणि टाकीला कान लावून उभा राहिला. शेजारी जुळ्याचा ध्वनिग्राहक बसवलेला होता. रामनाथ त्याला सांगत होता, "नीट ऐक, घाई करू नको."

जुनी नोटीस काढून त्या जागी नवी लागली होती. चारच ओळींची. 'कोरणी विभागाच्या पूर्वीच्या नोंदींतील निष्क्रिय हा शब्द चुकीचा होता. तो काम असा वाचावा.' खाली वर्तकांची सही. सुवर्णाने तीही तीनदा वाचली. मग तिने मागे उभ्या असलेल्या बायकांना वाट करून दिली, आणि सगळ्याजणी वाचून होईस्तोवर ती फाटकातच उभी राहिली. कडक इस्त्रीच्या अंगरख्यात, लग्नघरातल्या यजमानीणबाईसारखी.

दुपारी चारला तिने यंत्र मुरवायला घेतलं. आता लपवायचं काहीच नव्हतं. भंगारातल्या चकत्या रीतसर वेगळ्या डब्यात आल्या होत्या. ईश्वरी नोंदीच्या पडद्यापाशी उभी होती.

"या कामाला पुस्तकात नाव द्यायला हवं, मावशी. काय लिहू?"

"पहिलं धिरडं लिही," पलीकडच्या यंत्रावरून शकीला ओरडली.

ईश्वरीने तेच लिहिलं. कंपनीच्या नियमांच्या पुस्तकात आज ते तसंच छापलेलं आहे : 'पहिलं धिरडं. रंग येईपर्यंत.'

सुवर्णाने भाचीला काचेपाशी उभं केलं. "रंग आला की हाक मार," असं बजावून ती बाहेर गेली आणि सात नंबरची किटली घेऊन स्वतः कँटीनची वाट चालू लागली. जाऊन यायला तिला बावीस मिनिटं लागली. परत येते तर ईश्वरी दारातच होती.

"आला, मावशी! वांग्याच्या फुलासारखा!"

"किती चकत्या लागल्या?"

"सहा."

"हं. बरोबर," सुवर्णा म्हणाली, आणि तिने पेले मांडले.

बाहेरच्या खोलीत सगळ्याजणी दाटीवाटीने बसल्या. चहा वाफाळत होता. शकीलाने दोनदा घेतला आणि आल्याच्या नावाने कँटीनवाल्याला चार शब्द सुनावले. पाळी सुटल्यावर नेहमीप्रमाणे ईश्वरीने किटली उचलली, कँटीनमध्ये नेली आणि सवयीने बेसिनवर उपडी केली.

एक थेंबसुद्धा पडला नाही.